वाद नसलेल्या तारखेला जाताना

पोरी, संमतीचा घटस्फोट म्हणजे कोर्टात जायचं, सही करायची आणि घरी यायचं, असं तुला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. तसं नसतं. दोन्ही बाजू हिरिरीनं लढत असतात तेव्हा तुझी चूक समोरचा वकील पकडतो, न्यायाधीशांच्या ध्यानात आणून देतो आणि तुझा वकील ती तिथल्या तिथे सावरायला धावतो. वाद नसला की चूक दाखवणारं कुणी उरत नाही. ती कागदात तशीच राहते, हुकूमनाम्यात उतरते आणि काही वर्षांनी पासपोर्टच्या कचेरीत नाहीतर फ्लॅट विकताना पुढ्यात येते. माझी सगळी नोकरी कोर्टाच्या दप्तरात गेली. जाडजूड फायलींपेक्षा या पातळ फायलींचीच मला जास्त काळजी वाटायची. कायदा तू वकिलालाच विचार. मी सांगते ते कोर्टहॉलच्या दाराशी उभं राहून, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे बघून कळलेलं आहे.

कोर्टात वाद नसलेली प्रकरणं दोन तऱ्हेची येतात आणि लोक ती एकमेकांत मिसळतात. एक तुझं, म्हणजे नवरा-बायकोनं मिळून केलेला अर्ज. सगळे त्याला म्यूच्युअल म्हणतात. दुसरं एकतर्फी: एकानं अर्ज केला, दुसऱ्याला समन्स गेलं आणि तो आलाच नाही. तुझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं हे दुसरं आहे, म्हणून तिलाही हे वाचायला दे. म्यूच्युअलमध्ये एकतर्फी निकाल कधीच होत नाही, हे आधी पक्कं ध्यानात ठेव. पुन्हा येऊन ‘हो’ म्हणायच्या दुसऱ्या वेळेला नवरा आला नाही, किंवा येऊन ‘माझा विचार बदलला’ म्हणाला, तर तुझ्या बाजूनं आपोआप काहीही होत नाही. हुकूमनामा होईपर्यंत दोघांची संमती टिकून असावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९१ सालीच सांगून ठेवलंय. एकट्याची संमती निघाली की तो अर्ज तिथेच थांबतो, आणि मग कारणं दाखवून, पुरावा देऊन लढायचा लांबचा रस्ता उरतो. तुझ्या करारातली प्रत्येक ओळ या गोष्टीचा विचार करून लिहिलेली हवी.

हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. त्यात संमतीचं कलम १३-ब १९७६च्या दुरुस्तीनं आलं. त्याची पहिली अट अशी की अर्जाच्या आधी किमान एक वर्ष तुम्ही वेगळे राहत असायला हवं. इथे लोक फार बेफिकीर असतात. टायपिस्ट मागच्या कुणाच्या तरी अर्जातली तारीख तशीच ठेवतो, हे सही करून मोकळे होतात, आणि न्यायाधीशांनी साधा प्रश्न विचारला की दोघं दोन वेगळे महिने सांगतात. वेगळं राहणं म्हणजे वेगळं घरच असायला हवं असंही नाही. एका छपराखाली राहूनही नवरा-बायको म्हणून नातं उरलेलं नसेल तर ते वेगळं राहणंच, हेही त्याच १९९१च्या निकालात आहे. मुंबईत दुसरी खोली कुठून आणणार? तेव्हा जे खरं आहे तेच लिही आणि तारीख दोघांनी एकत्र बसून ठरवलेली असू दे. तुमचं लग्न आपल्या पद्धतीनं झालं म्हणून मी हे कलम सांगते आहे. रजिस्टर लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालेलं असेल तर तिथे कलम २८ लागतं. ख्रिस्ती, पारशी, मुसलमान यांचे कायदे वेगळे आहेत आणि गोव्याचा तर नागरी कायदाच वेगळा आहे.

पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन ‘हो’ म्हणायचं, असं कलमात आहे. सप्टेंबर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे सहा महिने न्यायाधीश माफ करू शकतात. पण त्यासाठी बऱ्याच गोष्टी जुळाव्या लागतात. अर्ज करायच्या आधीच वेगळं राहून दीड वर्ष झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न करून संपलेले हवेत, पोटगी आणि मुलांचा ताबा खरोखर मिटलेला हवा, आणि नुसतं थांबून त्रासच वाढणार हे दिसायला हवं. माफीचा अर्ज पहिल्या सुनावणीनंतर आठवड्यानं करता येतो. तुझा वकील तो करायला उत्सुक आहे, ते ठीक. पण माझं ऐकशील तर पैशाची आणि पोराच्या भेटीची व्यवस्था पक्की झाल्याशिवाय घाई करू नकोस. पोर लहान असेल तर हे सहा महिने फार कामाचे असतात. शनिवारी-रविवारी तो त्याला नेतो का, वेळेवर आणतो का, शाळेची फी भरतो का, हे आत्ताच दिसतं. जे जमत नाही ते करारात बदलून घेता येतं. हुकूमनाम्यानंतर तेच बदलायचं तर पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा.

आता करार, म्हणजे कन्सेंट टर्म्स. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बायका इथेच नागवल्या जातात आणि नागवल्या जाताना ‘जाऊ दे, सुटले एकदाची’ म्हणतात. तो थकवा मी ओळखते. पण तो थकवा उद्या उतरेल आणि कागद मात्र राहील.

पोटगीचा आकडा ठरवायच्या आधी त्याची मिळकत कागदावर बघ. २०२०च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं पोटगीच्या प्रकरणांत दोघांनीही मिळकत, मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र द्यायचं असा नियम घालून दिला. तुमच्यात भांडण नसलं तरी त्याच नमुन्यावर माहिती माग. पगाराच्या पावत्या, आयकर विवरण, पीएफ, शेअर, गावाकडची जमीन, सगळं. ‘आमच्यात विश्वास आहे’ असं तो म्हणाला तर म्हण, विश्वास आहे म्हणूनच मागते.

एकरकमी रक्कम ठरली तर रोख घेऊ नकोस, भावाच्या हातात नको आणि ‘नंतर ट्रान्सफर करतो’ही नको. निम्मी पहिल्या सुनावणीला आणि निम्मी दुसरीला, दोन्ही डिमांड ड्राफ्टनं, ड्राफ्टचा नंबर करारात आणि तुझ्या जबाबात नोंदवलेला. सगळी रक्कम आधी घेतली तर तो धास्तावतो. सगळी नंतर ठेवली तर दुसऱ्या तारखेला तुझ्यावर दडपण येतं, ‘आधी सही कर’ म्हणून. शेवटचा ड्राफ्ट न्यायाधीशांसमोर हातात आला पाहिजे. तो बाहेर गाडीत आहे, वकिलाच्या केबिनमध्ये आहे, असलं काही ऐकून जबाब देऊ नकोस. तारीख पुढे गेली तरी चालेल.

‘यापुढे आता व भविष्यात कसलीही मागणी करणार नाही’ हे वाक्य प्रत्येक टायपिस्टच्या कॉम्प्युटरमध्ये तयार असतं. ते वाचून, समजून, स्वतःपुरतंच लिहू दे. त्यात पोराचं नाव येऊ देऊ नकोस. आईबापांनी आपापसात काहीही ठरवलं तरी मुलाचा पोषणाचा हक्क ते सोडून देऊ शकत नाहीत, आणि मुलांचा ताबा, शिक्षण, पोषण यांबद्दल कलम २६ खाली न्यायालय पुढेही हुकूम देऊ शकतं. तरी हुकूमनाम्यात चुकीचं वाक्य असलं की ते निस्तरायला तुला पुन्हा पायऱ्या चढाव्या लागतात. मुलाबद्दल लिहिताना ‘वाजवी भेट’ असे मोघम शब्द नकोत. कुठला वार, किती वाजता, कुठून न्यायचं, दिवाळीची सुट्टी कशी वाटायची, मे महिन्यात कोणाकडे, आजी-आजोबांना भेट, आजारी पडलं तर दवाखान्याचा खर्च कोण करणार, सगळं लिही. पासपोर्टचा उल्लेख तर हवाच. मुलाच्या पासपोर्टला दुसऱ्या पालकाची सही लागू नये असं ठरलं असेल तर ते स्पष्ट शब्दांत असू दे, नाहीतर शाळेची परदेश सहल आली की तुला त्याच्या मागे धावावं लागेल.

स्त्रीधनाची यादी वजनासकट कर. कुठला दागिना माहेरचा, कुठला सासरचा, कुठला लॉकरमध्ये, लॉकर कोणाच्या नावावर. दागिने मिळाल्याची पावती मिळतील त्या दिवशीच दे, आधी नाही.

फ्लॅटचं नीट ऐक. घर दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या नावावर, आणि करारात लिहिलं की यापुढे हप्ते तो भरणार. बँक तुमच्या प्रकरणात नव्हती, बँकेला तो करार बांधत नाही. त्यानं हप्ते थांबवले की नोटीस तुलाच येणार. म्हणून बँकेकडून लेखी सुटका घेतल्याशिवाय घर सोडून देऊ नकोस. आणि तो घरातला हिस्सा तुझ्या नावावर करणार असेल तर ते हुकूमनाम्याच्या आधी होतंय का ते बघ. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्यानं बायकोला बक्षीसपत्रानं दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. हुकूमनाम्यानंतर तू त्याची बायको नसतेस आणि ही सवलत जाते. अशा व्यवहारात कागद कुठल्या स्वरूपात करायचा ते मुद्रांकाचं काम जाणणाऱ्या वकिलालाच विचार, कारण पोटगीच्या बदल्यात दिलेलं घर आणि बक्षीस दिलेलं घर यांत कायदा फरक करतो.

तुम्ही एकमेकांवर काही तक्रारी केल्या असतील तर त्यांचीही यादी करारात हवी. सासरच्या छळाचा, म्हणजे जुन्या दंड संहितेतल्या ४९८-अचा, गुन्हा असेल तर तो रद्द करून घ्यायला सहसा उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि तिथे तुझी संमती शपथपत्रावर लागते. ही संमती कधी द्यायची, पैसे येण्याआधी की नंतर, हे आजच लिहून घे.

अर्ज तयार झाला की प्रत्यक्ष दिवस. घरातून निघताना लग्नपत्रिका, लग्नाचा एक फोटो ज्यात दोघं दिसतात, विवाह नोंदणीचा दाखला, आधार, पॅन, राहत्या पत्त्याचा पुरावा, मुलाचा जन्मदाखला, सगळ्याच्या मूळ प्रती घे. गावाकडे लग्न झालं आणि नोंदणीच राहिली असेल तर ग्रामपंचायतीत विचार. महाराष्ट्रात १९९८च्या कायद्यानं नोंदणीची सोय तिथे आहे. तुझं नाव लग्नाआधीचं एक, आधारवर दुसरं, पॅनवर तिसरं असतं. तिन्ही नावं अर्जाच्या शीर्षकातच ‘उर्फ’ लावून येऊ देत. नावाच्या फरकानं अडलेल्या बायका मी फार बघितल्यात.

सकाळी लवकर पोच. दाराशी लावलेल्या बोर्डावर आपला नंबर बघ आणि पुकारा ऐकू येईल अशा ठिकाणीच बस. आत गेल्यावर बहुधा विवाह समुपदेशकाकडे पाठवतील. त्यांच्याशी वैतागून बोलू नकोस. समेट होतो का हे बघणं न्यायालयाचं कायद्यानं कर्तव्य आहे आणि समुपदेशक तेच काम करतात. कधीकधी त्यांच्याच खोलीत असं काही बाहेर येतं जे दोन्ही वकिलांना माहीत नसतं: धमकी, दडवलेलं कर्ज, मुलाला दाखवलेली भीती. तुझ्या मनात असं काही असेल तर ते बोलायची जागा तीच.

न्यायाधीश विचारतील: लग्न कधी, कुठे झालं, वेगळे कधीपासून, मुलं किती, काय ठरलं, कोणाचा दबाव आहे का, पुन्हा एकत्र येण्याची शक्यता आहे का. उत्तर देताना वकिलाकडे बघू नकोस. बाबांकडे तर मुळीच नको. बाईनं प्रत्येक प्रश्नाला मागे वळून भावाकडे पाहिलं म्हणून न्यायाधीशांनी सगळ्यांना बाहेर काढून तिला एकटीला विचारलेलं मी बघितलंय, आणि ते योग्यच होतं. मराठीत बोल, आपल्या न्यायालयांत मराठी चालते. समजलं नाही तर ‘पुन्हा विचारा’ म्हण. रडू आलं तर येऊ दे, कुणी काही म्हणत नाही. कलम २२ मुळे ही सुनावणी बंद दाराआड होते आणि त्याची बातमी छापायला कायद्यानं मनाई आहे, तेव्हा लोकांचा विचार मनातून काढून टाक. नवरा परदेशात असेल तर व्हिडिओवरून किंवा जवळच्या नातेवाइकामार्फत हजर राहण्याची परवानगी मागता येते. २०१७च्या त्याच निकालात ती मुभा आहे.

आता मैत्रिणीचं. तिला वाटतंय, नवरा येत नाही म्हणजे निकाल तिचाच. पैशाच्या काही दाव्यांत प्रतिवादी आला नाही तर काम पुष्कळ सोपं होतं, त्यामुळे हा समज पसरलाय. घटस्फोटात तसं नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की विरोध झालेला असो वा नसो, न्यायालयाची खात्री पटली तरच हुकूमनामा मिळतो. कायद्यात दिलेलं कारण खरंच आहे का, अर्ज करणारी स्वतःच्याच चुकीचा फायदा घेत नाही ना, दोघांनी आतून संगनमत केलेलं नाही ना, अर्जाला विनाकारण उशीर झाला नाही ना, हे सगळं न्यायाधीश स्वतः तपासतात. समोरची खुर्ची रिकामी असली की उलट त्यांचं काम वाढतं.

तिचा पहिला पाया समन्सची बजावणी. नवऱ्याचा खरा, आजचा पत्ता द्यायचा. तो खराडीला राहतो हे माहीत असून त्याच्या गावाकडच्या बंद घराचा पत्ता दिला तर निकाल लवकर लागेल, पण तो पत्त्यांच्या बंगल्यासारखा कधीही कोसळेल. बेलिफ दोन-तीनदा जाऊन आला, घर बंद होतं, रजिस्टर पोस्ट परत आलं, की घराला समन्स चिकटवून बजावणी होते. तरीही न्यायाधीशांचं समाधान झालं नाही तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला सांगतात, आणि ती त्याच्या शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्याच्या भागात खपणाऱ्या पेपरातच लागते. व्हॉट्सॲपवर त्यानं वाचल्याची निळी खूण आहे म्हणून बेलिफाचा रस्ता सोडू नये. बेलिफाचा अहवाल, परत आलेला लिफाफा, पेपराचं कात्रण, हे तीन कागद पुढे तिच्या हुकूमनाम्याला धरून ठेवणार आहेत. त्यांच्या झेरॉक्स घरी ठेवायला सांग.

बजावणी होऊनही तो आला नाही की रोजनाम्यात ‘एकतर्फी चालवावे’ असा हुकूम होतो. तो येऊन वकीलपत्र टाकून गेला आणि लेखी म्हणणंच दिलं नाही, तर ती गोष्ट वेगळी. त्याला म्हणणं द्यायला तीस दिवस, वाढवून नव्वद दिवसांपर्यंत मिळतात, आणि मग ‘नो डब्ल्यूएस’ होतं. त्यातही तो उलटतपासाला उभा राहू शकतो. म्हणून तिनं दोन्ही वेळी पूर्ण तयारीनंच जायला हवं.

पुरावा शपथपत्रावर द्यायचा असतो. इथे वकिलाचा ज्युनिअर अर्जच पुन्हा टाइप करून आणतो, त्यावर समाधान मानू नये. ‘खूप छळ केला’ हे वाक्य न्यायाधीशांना काहीही सांगत नाही. कुठल्या दिवाळीला, कुठल्या घरात, कोणासमोर, काय झालं, त्यानंतर ती कुठे गेली, हे हवं. दवाखान्याचा कागद, पोलीस ठाण्यातली नोंद, मेसेज, बँकेचं खातं, जे आहे ते निशाणी क्रमांक पडून नोंदीवर आलं पाहिजे. पिशवीत राहिलेल्या कागदाला किंमत नाही. शक्य असेल तर एक साक्षीदार आण म्हणावं, शेजारीण चालेल, आई चालेल. नवऱ्यानं सोडून दिलं हे कारण असेल तर सोडल्याला अर्जाच्या दिवशी सलग दोन वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात. दोन महिने कमी असताना अर्ज केला आणि समोर कुणी विरोध केला नाही, म्हणून ते दोन महिने कुणी माफ करत नाही. आणि ‘संसार मोडलाच आहे, आता काय उरलंय’ हे हिंदू विवाह कायद्यात कारणच नाही. त्या आधारावर लग्न मोडायचा अधिकार सर्वोच्च न्यायालय आपल्या खास घटनात्मक अधिकारात वापरतं, २०२३च्या मे महिन्यात घटनापीठानं ते स्पष्ट केलं. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयाला तो अधिकार नाही.

तिनं स्वतः तारीख चुकवू नये. एकतर्फी आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या अर्जदार बाईचाच अर्ज गैरहजेरीत निकाली निघतो, मग तीस दिवसांत तो पुन्हा फायलीवर घ्यायचा अर्ज करत बसावं लागतं. ई-कोर्ट्सचं ॲप फोनवर घ्यावं आणि सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकून पुढची तारीख स्वतः बघावी. आणि कोर्ट फीची चिंता करू नये. घटस्फोट, पोटगी, हिंसा आणि मालमत्तेच्या प्रकरणांत महाराष्ट्र सरकारनं १९९४ सालापासून स्त्रियांना ती माफ केलेली आहे.

आता ज्यांच्या दाराशी समन्स येतं त्या मुलींसाठी. तू गावाकडे जाशील तेव्हा हे चारजणींना सांग, कारण मला याचीच जास्त तळमळ आहे. सासरच्यांनी मुंबईत नाहीतर पुण्यात केस टाकली, बेलिफ कराडला नाहीतर लातूरला माहेरी आला, आणि वडील म्हणाले, ‘घेऊ नकोस. आपण घेतलंच नाही तर केस कशी चालेल?’ केस चालते. नाकारलेलं समन्स बजावल्यासारखंच धरलं जातं. समन्स नाकारलेल्या पत्नीनं एकतर्फी घटस्फोट रद्द करून मागितला तेव्हा २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं तो हुकूमनामा कायम केला. समन्स घ्यायचं, सही करायची, तारीख वाचायची आणि वकील शोधायचा. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं. स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे विचारलं जात नाही. १५१०० या नंबरावर फोन केला तरी रस्ता सांगतात. कोर्ट फार लांब असेल तर प्रकरण आपल्या जिल्ह्यात वर्ग करून मागता येतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात उच्च न्यायालयाकडे, दुसऱ्या राज्यातलं असेल तर सर्वोच्च न्यायालयाकडे. जाण्यायेण्याचा आणि वकिलाचा खर्च कलम २४ खाली नवऱ्याकडून मागता येतो.

तारीख हुकली आणि एकतर्फीचा हुकूम झाला, पण निकाल अजून लागलेला नाही, तर धावत जाऊन सबळ कारण दाखवायचं आणि हुकूम उठवून घ्यायचा. निकालच लागून गेला असेल तर हुकूमनाम्यापासून तीस दिवस. समन्स नीट बजावलंच नसेल तर कळल्यापासून तीस दिवस. कळलं त्या दिवसाचा पुरावा जपून ठेवायचा. आणि घटस्फोट कायम राहिला तरी पोटगीचा हक्क संपत नाही, कलम २५ खाली ती हुकूमनाम्यानंतरही मागता येते. नवरा महिनोन् महिने फोन उचलत नसेल तर ई-कोर्ट्सवर त्याच्या जिल्ह्यात स्वतःचं नाव टाकून शोधायचं. कित्येकींना आपल्यावर केस आहे हे तिथेच पहिल्यांदा कळतं.

परदेशातली गोष्ट थोडक्यात सांगते, कारण आपल्या नात्यातही दोन मुलं तिकडे आहेत. नवरा कॅलिफोर्नियात, बायको साताऱ्याला. तिकडच्या कोर्टाचे कागद कुरिअरनं येतात. तिथे उत्तराला तीस दिवस असतात, उत्तर गेलं नाही तर ‘डिफॉल्ट’ होऊन निकाल लागतो. पण अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या अशाच एका घटस्फोटावर १९९१ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की लग्न ज्या कायद्याखाली झालं त्या कायद्यातलं कारण नसेल आणि समोरच्यानं त्या कोर्टाचा अधिकार मनापासून मानला नसेल, तर तो हुकूमनामा इथे चालत नाही. ‘आमचं जमत नाही’ एवढंच कारण आपल्या कायद्यात नाही. पोस्टानं किंवा कुरिअरनं परस्पर समन्स पाठवण्याला भारतानं हेग करारात हरकत घेतलेली आहे. म्हणून मुलींनी घाबरून कागदावर सही करून परत पाठवू नये, आणि कागद कपाटातही टाकू नयेत. दोन्ही देशांचं काम कळणाऱ्या वकिलाकडे त्याच आठवड्यात जावं. मुलांनाही सांग, तिकडच्या डिफॉल्टवर विसंबून इथे दुसरं लग्न केलं तर तो दुसऱ्या लग्नाचा गुन्हा होऊ शकतो.

शेवटी हुकूमनामा हातात आल्यावर. कलम २३ प्रमाणे दोघांनाही त्याची एक प्रत विनामूल्य मिळायला हवी, ती माग. शिवाय दोन-तीन प्रमाणित प्रती काढून ठेव. कोर्टाच्या आवारातच उभं राहून वाच: तिन्ही नावं, लग्नाची तारीख, मुलाचं नाव, रक्कम, फ्लॅटचा नंबर. टंकलेखनाची चूक कधीही दुरुस्त करता येते, पण त्याच आठवड्यात केली तर फाईल हाताशी असते. नंतर ती रेकॉर्डरूमला जाते आणि तिथून काढायला वेळ लागतो. पुन्हा लग्नाचा विचार असेल तर अपिलाचे नव्वद दिवस जाऊ दे. एकतर्फी हुकूमनामा असेल तर मैत्रिणीनं याहून सबुरीनं घ्यावं, आधी बजावणीचे कागद पक्के आहेत का ते वकिलाकडून बघून घ्यावं. बँक, एलआयसी, पीएफ, म्युच्युअल फंड, सोसायटी, सगळीकडचं नामनिर्देशन स्वतः जाऊन बदल. घटस्फोट झाला म्हणून ते बदलत नाही, तिथे अजून त्याचंच नाव आहे.